तुरटी फिरवलेलं पाणी

कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सनं थेंब घालून बजावलं होतं, डोळे उघडायचे नाहीत. सत्यवतीबाई तशाच बसल्या होत्या. शेजारी कुणी मामा आणि त्यांची प्रयोगशाळेतली भाची बोलत होती.

“मामा, विहिरीच्या पाण्यात तुरटी का फिरवलीत?”

“तुमच्या एवढ्या मोठ्या लॅबमध्ये गढूळ पाणी न्यायचं? बरं दिसतं का ते?”

“तरी सापडलं. कारखान्यातलं अ‍ॅनिलीन आहे, विषारी.”

“पण पाणी काचेसारखं झालं होतं की गं!”

“हे विष तुरटीनं खाली बसत नाही. आम्ही चांदीची पट्टी बुडवून तिला वीज दिली, तसं ते चांदीला चिकटलं. मग लेझरचा उजेड टाकला. उजेड परत येताना बदलून येतो, प्रत्येक विषाचा वेगळा.”

“म्हणजे उजेडानं नाव सांगितलं! कमाल केलीस पोरी.”

“रिपोर्ट घेऊन कारखान्यावर जा आता.”

“हौ. पण आधी तिथल्या साहेबाच्या घरी जातो.”

“भांडायला?”

“नाही गं. पाणी चांगलंय हे पटवायला तो आमच्यासमोर तांब्याभर प्यायला होता. त्याला सांगायला नको?”

हा माणूस आहे तरी कसा ते बघायला सत्यवतीबाईंनी डोळे उघडले.