बाराच्या आत भाकरी

—न्हाय न्हाय मॅडम, त्या खुर्चीवर नको, ती माझी हाय, म्हंजे अध्यक्षाची. तुमी हितं बसा की, पंख्याखाली. तो डबा सरकवा जरा बाजूला— काय न्हाय ओ, आमच्या हिचा हाय, हितं चुलीपाशी असती त्या सिद्धम्माला द्यायचाय. काय असतंय त्यात? मी कधी उघडून बघितलं न्हाय. बायकाबायकांचं असतंय काय तरी, लोणचं-बिणचं. रोज सकाळी स्कूटरला अडकवून देती, "विसरू नका" म्हणती, मी आणून देतो. आज तर दोनदा बजावली. बाहेर अध्यक्ष असलो तरी घरात शिपाईच की! तर काय म्हणत हुतो— लोकसहभाग. तुमच्या पुण्याच्या फाउंडेशनला हा शब्द आत्ता सापडला, मी गुरुशांत बिराजदार हितं कुंभारीत अकरा वर्षं तेच करायलोय. सगळं मी एकटाच करतो.

हे जेवणघर कुणासाठी? जन्मभर विड्या वळून बोटं वाकली, आता पानबी धरवत न्हाय, पोरं कुटं तरी लांब पोटामागं गेलेली— असल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. दुपारची साठ ताटं. पहिल्यांदा आमी सोलापुरात हॉल घेऊन कार्यक्रम केला, 'मासिक दाता योजना'. महिन्याच्या महिन्याला खात्यातनं आपोआप येणार, देणाऱ्याला आठवण ठेवायचीबी कटकट न्हाय. बावीस मोठी माणसं स्टेजवर, प्रत्येकाला हार, शाल, फोटो. माझं भाषण पाऊण तास— लोकांच्या डोळ्याला पाणी आलं, आता काही जण म्हणले हॉलमधी उकडत हुतं म्हणून, ते जाऊ द्या. दुसऱ्या महिन्याला किती राहिली? चार. तिसऱ्या महिन्याला मी एकटा. म्हंजे— मी देत नव्हतो ओ, मी योजनेचा प्रमुख, प्रमुखानंच द्यायला लागल्यावर मागायचं कुणी? मी फोन करत हुतो. एक जण म्हणला, "साहेब, शाल परत पाठवू का?"

मग ही सिद्धम्मा. आमच्याकडं भांडी घासायला हुती. शाळा दुसरी, तीबी कन्नडमधी. एक दिवस म्हणती, "मालक, पैसं कशाला मागताव? तव्यावर एक भाकरी जास्तीची टाका म्हणावं. तवा तर तापलेलाच असतोय." मी हसलो. म्हणलं, बाई, असं कुटं संस्था चालती व्हय? ती काय ऐकतीय. निघाली दारोदार, संग पल्याडच्या गल्लीतल्या सरदारबीला घेऊन. एकशे चाळीस घरं जोडली, मॅडम! घरटी रोज एक भाकरी. रमजानमधी सरदारबीच्या गल्लीतल्या बायकांनी स्वतः रोजा धरून भाकऱ्या थापल्या, तोंडात घास न्हाय आणि हातात पीठ. मला हे सांगताना अजून गलबलून येतंय बघा. पेपरात आलं सगळं. फोटो कुणाचा छापला? माझा. हातात भाकरी दिली हुती त्यांनी धरायला.

मग आला तुमचा फॉर्म. 'नियमित देणाऱ्यांना संस्थेच्या निर्णयात स्थान आहे का?' आता आली का पंचाईत! न्हाय लिहावं तर अनुदान गेलं, व्हय लिहावं तर— मग मीच घटनेत दुरुस्ती केली, स्वतःच्या अक्षरात. 'जो सलग बारा महिने, रोज, बाराच्या आत एक भाकरी देईल तोच सभासद आणि त्यालाच मत. एक दिवस खंड पडला की नाव गेलं.' खरं सांगू? पेन ठेवा खाली, हे लिहून घेऊ नका. मला वाटलं, कोण देतंय वर्षभर? आजारपण हाय, सुतक हाय, माहेरपण हाय, गड्ड्याची जत्रा हाय— कागदावर लोकशाही, खुर्चीवर मी, तुमीबी खूश. वर भाषणात ठणकावलं, "कुणालाही सूट नाही! संस्थापकाला नाही, अध्यक्षालाही नाही!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

आणि ह्या बायका दमल्याच न्हाईत ओ! जत्रेला जायचं तर पहाटे उठून भाकरी टाकून जायच्या. सुतक पडलं की शेजारीण तिच्या नावानं थापायची, असं चालतंय का म्हणून मी इचारलं तर सिद्धम्मा म्हणती, "नियमात कुटं लिवलंय, कुणाच्या तव्यावरची म्हणून?" आज वर्षाचा शेवटचा दिवस. आजची भाकरी आली की एकशे तीन जणांचे बारा महिने पुरे, आणि लगेच बारा वाजता अंगणात सभा, अध्यक्षाची निवड. उभं कोण? सिद्धम्मा! माझ्यासमोर! मला काय भ्या वाटत न्हाय, सभा म्हंजे काय, चहा प्यायचा आन् हात वर करायचा. फक्त... निवृत्त माणसाला कोण इचारतंय, मॅडम? घरी पेपर वाचून झाला की नऊ वाजतात, पुढं अख्खा दिवस. हितं आलो की 'अध्यक्षसाहेब' म्हणून हाक मारतात. तेवढंच हाय माझ्याकडं, आणि ते जाऊ ने असं मला लई वाटतंय.

बरं, ती मतदारांची यादी तुमच्या पाठीमागं दाराला लावलीय, आमच्या क्लार्कनं, प्रदीपनं केलीय. मी सही केली, वाचली न्हाय, चष्मा घरी हुता. आजबी घरीच हाय. माझं नाव किती नंबरला हाय बघा की. न्हाय? असंल ओ, नीट बघा, 'बिराजदार' बघा. हाय न्हवं? सांगत हुतो की मी— काय? राजश्री? राजश्री गुरुशांत बिराजदार? ती तर आमची ही. तिचं नाव कसं काय? ती आजवर ह्या दारात पाऊल टाकली न्हाय, तिची भाकरी रोज हितं आणून देतंय कोण—

उघडा बघू तो डबा. एकच हाय? ज्वारीची. व्हय, तिचीच, कडंला जरा जळकी असती. बारा महिने, मॅडम, ऊन न्हाय पाऊस न्हाय, मीच आणली की ओ! पावसात रेनकोट काढून डब्यावर घातलाय मी, लोणचं भिजंल म्हणून! आणि मी स्वतः काय दिलं? मी तर रोज हितं दोन खातो, अध्यक्षानं चव बघायला पाहिजे म्हणून. सूट न्हाय. अध्यक्षालाही न्हाय. टाळ्या पडल्या हुत्या...

खाली अजून काय लिहिलंय? उमेदवार सिद्धम्मा, व्हय, ते म्हाईत हाय. सूचक कोण? ...परत वाचा. ...कालच्याला जेवायला वाढताना एका अक्षरानं बोलली न्हाय ओ. "अजून घ्या" म्हणली.

किती वाजले? बाराला दोन मिनिटं कमी. म्हंजे दोन मिनिटं हा डबा हितंच राहिला तर आज खंड पडला. तिचं नाव गेलं. सूचकच बाद झाली तर सिद्धम्माबी बाद, आणि खुर्ची हाय तशी ऱ्हाती. नियमात बसतंय. नियम माझाच हाय, माझ्याच अक्षरातला. कुणाला काय कळणार बी न्हाय— विसरलो म्हणायचं, म्हातारपण म्हणायचं... असं काय बघायलाव माझ्याकडं?

झाका तो डबा. झाकण नीट लावा, गार हुईल. तिकडं, अंगणाच्या पल्याड चुलीपाशी सिद्धम्मा बसलीय, तिच्या हातात द्या, राजश्रीचा म्हणून सांगा. न्हाय, मी न्हाय येत. जावा की मॅडम, उठा, पळत जावा— माझा इचार बदलायच्या आत.