दामू मेस्त्रींचा गंधार

मंडळी, ऐका! एक विचारतो, खरं सांगा हं! कुणाचं किती चुकलेलं आपण चालवून घेतो? आणि कुणाचं मुळीच नाही?

कागलात दामू मेस्त्री म्हणून होते. हार्मोनियमच्या पेट्या सुरात लावायचे. पितळी पट्टी कानशीनं घासायची, वाजवून बघायची, पुन्हा घासायची! कान असा तयार, की शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून म्हणतील — पंचम उतरलाय हिचा! हसा, हसा! आमचे पेटीवाले बघा, गप्प बसलेत!

त्यांची बायको यमुना. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात अभंग म्हणायची. काय तो गळा! पेटीवर खुद्द मेस्त्री. एका गुरुवारी भरल्या देवळात त्यांनी भाता थांबवला — "अगं, गंधार उतरतोय तुझा! पेटीला लागतच नाही!"

बायका फिसकन हसल्या. यमुनाबाईंनी टाळ खाली ठेवले. संपलं! पुन्हा म्हणून त्या गायल्या नाहीत. मेस्त्रींना वाटलं, बरं झालं. बावीस वर्षं, मंडळी!

मग मिरजेच्या एका कारागिरानं त्यांच्याकडे तंबोरा ठेवायला दिला. मेस्त्रींनी सहज तारा छेडल्या. आणि खर्जाच्या तारेतून गंधार बोलायला लागला — आपोआप! त्यांनी पेटीचा गंधार दाबला. पेटी चढी! केसभरच, पण चढी! अहो, पेटी कुठल्याही पट्टीत वाजावी म्हणून तिचे सूर थोडे इकडेतिकडे सरकवून बसवतात. "तेवढं चालतं," असं मेस्त्रीच गिऱ्हाइकांना सांगायचे! आणि तंबोऱ्यातला हा जरा खालचा गंधार... हा तर ओळखीचा! कुणाचा?

मेस्त्री तसेच स्वयंपाकघरात गेले. "यमुने, तुझा बरोबर होता गं! माझी पेटीच चढी होती! चुकलो मी. म्हण, एकदा म्हण!"

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मग हळूच म्हणाल्या, "आता नाही हो सापडत. कुठं लावायचे मी तो सूर, तेच विसरले."

लाकडाच्या खोक्याला सवलत दिली, मंडळी — आणि घरच्या माणसाला? अरेरे! मेस्त्री पिठाच्या परातीपाशी बसून रडले. त्या रडण्यानं काय परत येणार होतं?

तुमच्या घरात कोण गायचं थांबलंय? कुणाच्या एका शब्दानं? आज पानावर बसायच्या आधी विचारा त्यांना. माझ्या घरी आता विचारायला कुणी उरलं नाही.