स्क्रू कुठे गेला?

नेत्ररुग्णालयात डोळ्यांत औषध घातल्यावर एक बाई डोळे मिटून बसल्या. शेजारी एक तरुण आई आणि म्हातारे घड्याळजी बोलत होते. बाईंनी कान टवकारले.

“आमचा दिवसभर कार्टूनला चिकटलेला. तुमची नात काय बघते, काका?”

“मला. व्हिडिओ कॉल लावून, मोबाइल टेबलावर उभा करून मी घड्याळं दुरुस्त करतो, ती तिच्या घरून बघते.”

“बोलता काय?”

“फारसं नाही. मध्येच म्हणते, आजोबा, स्क्रू डबीमागे गेला.”

“भारीच लक्ष आहे.”

“आता तर मी शोधतच नाही, तिलाच विचारतो.”

“तुम्हाला नीट दिसत नाही, हे माहीत आहे तिला?”

“छे. तिला वाटतं, आजोबा मुद्दाम पाडतात, खेळ म्हणून.”

“आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नीट दिसायला लागलं की?”

“मग मुद्दाम पाडीन.”