तंबूतली बाई

मले एक सांगा, घोडेस्वारायची टोळी लढाले निघते, तेव्हा रांधते कोण? मी तं हा इचार कधी केलाच नव्हता.

मी अन् कोरपन्याचा दिलीप, आम्ही टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडून जुन्या लढाया खेळतो. त्याच्याकडे रशियन पलटण आहे. तिच्यासमोर मले मध्य आशियातल्या तुर्कमेन घोडेस्वारायची टोळी पाहिजे होती. बंदूकवाल्यायसोबत तलवारवालेही घ्यावे का, हे मी मोबाइलवर पाहून राह्यलो होतो. बाजूले आई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं डोकावून पाह्यलं.

"सारे गडीच काऊन? यायले जेवाले कोण वाढते?"

"आई, लढाई आहे ते."

"मंग उपाशी लढतेत का? अन् लढतेत तरी कोणासाठी?"

मी वाचून पाह्यलं, तं खरंच त्यायचे बायकालेकरं मांगं तंबूत राहत. मंग मी तलवारवाले सोडले अन् तंबूचा सेट मागवला. त्यात एक उंट, दोन बकऱ्या, अन् कडेवर लेकरू घेतलेली बाई.

दिलीप खेळाले आला अन् हसतच सुटला. "लढाईत बकऱ्या काऊन आणल्या बे?" पण खेळता खेळता त्यानं माह्या घोड्यायले चुकवलं अन् पलटण सरळ तंबूवर घातली.

"तंबू माहा झाला! संपला तू!"

आई सूप घेऊन तिथीच बसली होती. तिनं हात लांबवून ती बाई उचलली अन् सुपात ठेवली.

"काकू, मी जिंकलो न तिले!"

"तंबू घे न तू," आई म्हणे. "बाई नाई भेटत."