सातवा सराव

—नाही, हिरवी नाही, निळी फाइल घ्या, निळी. हिरवीतलं तुमच्या काही कामाचं नाही. बसा ना, तुमच्या पहिल्या तासाला अजून वीस मिनिटं आहेत. तर या निळ्या फाइलीत सहा सराव आहेत — फोटो कुठून कापलाय, मजकूर कुणी पाठवला, तारीख कधीची, बातमी खरी की खोटी. सहातले दोन खरेही आहेत हं, मुद्दाम ठेवलेत, नाहीतर पोरं सगळ्यालाच खोटं म्हणून मोकळी होतात. फार तयार पोरं आहेत, पहिले काही दिवस तुमची तारांबळ उडेल. सातवा? सातवा नाही. म्हणजे — होता. कुणी सांगितलं तुम्हाला? आल्या आल्या कानावर आलंच, नाही का? या शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या पोटात काही राहील तर शपथ.

मग माझ्याकडूनच ऐका, निदान तिखटमीठ न लावलेलं. पोरं म्हणायला लागली, बाई, तुमचं खोटं फारच सोपं असतं. लागलं मला ते. चेवच आला — म्हटलं थांबा, आता असं बनवते की बसाल डोकं खाजवत. शाळेच्या फाटकासमोर सायकली दुरुस्त करायचे ते काका — माझ्याही सायकलची चेन बसवून द्यायचे, वर म्हणायचे, बाई, तेल घालत जा हो — त्यांचा एक फोटो होता माझ्याकडे, मीच काढलेला. नातीला हाताला धरून नेताहेत, नात रडतेय, पडून गुडघा फुटलेला. गुडघा कापला मी. फोटोतला हो. आणि वर लिहिलं, हा माणूस मुली पळवतो, सावध राहा. खाली बारीक अक्षरात ‘सराव सातवा, खरं की खोटं’. काकांना विचारलं होतं मी, उगाच नाही सांगत — हसले, म्हणाले, मला बदमाश बनवताय होय, बनवा! शुक्रवारी दुपारी वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. उत्तर सोमवारी.

सोमवार कुठला उजाडतोय. कुणाच्या तरी घरात ती खालची ओळ कापली गेली आणि शनिवारी सकाळी काकांच्या दुकानापुढे माणसं जमली. काका म्हणत होते, शाळेतल्या बाईंना विचारा हो, बाईंना ठाऊक आहे — आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, बाईंनीच तर पाठवलंय. शिपाईमामा होते तिथे, त्यांनीच सांगितलं मला. चार दिवस काढले काकांनी दवाखान्यात. पाचव्या दिवशी — असो. चौकशी झाली, मी सुटले. ‘सराव’ असं लिहिलेलं होतं ना खाली.

ती तिसऱ्या बाकावरची, खिडकीकडची — हो, सकाळी दारातून दाखवली तीच, विचारलं तरी तोंड उघडत नाही ती. ओळ कापून पुढे पाठवलं ते तिच्या आईने, हे चौकशीत निघालं. तेव्हापासून तिच्या बाकावर कुणी बसत नाही. तुम्ही तिला बोलतं करायला जाऊ नका. का म्हणजे? नको म्हटलं ना. उगाच तुम्ही विचाराल आणि ती — अहो, तिने तपासलं होतं! अख्ख्या वर्गात तिने एकटीने. मी शिकवलं अगदी तसंच, बातमी जिथून आली तिथेच विचारायचं. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला मला तिचा. ‘बाई, आई फार घाबरलीय, हे खरं आहे का?’ मागून आईचा आवाजही येत होता. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? ‘उत्तर मी देणार नाही, तूच शोध.’ खूश होते हो मी! हुशार पोरगी माझ्या जाळ्यात सापडली म्हणून खूश. एक ‘नाही’ म्हणायला काय जीभ झडली असती माझी?

चौकशीत हे कुणी विचारलंच नाही. मी सांगितलं नाही. आणि तिने? तिनेही अवाक्षर काढलं नाही. वर्गाने तोंड फिरवलं तरी नाही. का वाचवते ती मला, ते काही कळत नाही. रोज हजेरीला ती ‘हजर’ म्हणते आणि मला भलतंच ऐकू येतं. फोनचा आवाज बंद ठेवते मी, तरी वाजल्यासारखा वाटतो. काल रिकाम्या वर्गात फळा पुसत होते, मागून स्पष्ट आलं — बाई, खरं आहे का? वळले, कुणी नाही. काकांचा आवाज कधी येत नाही, बघा. जी समोर बसलेली असते, तिचाच येतो.

उठलात? कुठे निघालात — मुख्याध्यापकांकडे? अहो, मी आपली काहीतरी बोलून गेले, तब्येत बरी नाही माझी, म्हणून तर हा तास सोडला. काय म्हणालात? त्या मुलीसाठी? हो. हो, खरं आहे, तिच्यासाठी कुणीतरी सांगायला हवंच. बरं, जा. सांगा. ते मला बोलावतील, विचारतील, बाई, असा फोन आला होता का तुम्हाला? आणि मी ‘नाही’ म्हणेन. तेव्हा बरोब्बर येईल बघा ते ‘नाही’ तोंडात. जा आता.