दीपमालाची रेघ

बसा हो तातेराव, उभे काऊन? वडीगोद्रीहून हातातलं काम टाकून आलात, देतो की दाखला, न्हाई म्हनलो का मी? पन अकरावीच्या मधातच पोरीला काढायचं, तेबी सायन्समधून — आधी माझं ऐका तर खरं. दीपमाला घरी काय बोलली? देवानंद सरांनी, म्हंजे मीच, आलेख फाडला? फाडला. सगळ्या वर्गापुढं फाडला, मी कुठं नाकारून राह्यलो.

हे बघा, प्रयोग काय असतो — कागदावर पेनानं फुली काढायची, वर काचेचं भांडं, त्यात दोन केमिकलं एकत्र करायची. पानी हळूहळू दुधावानी होतं अन् खालची फुली दिसंनाशी होती. किती सेकंदांत, ते घड्याळावर बघून लिहायचं. मंग पानी वाढवत वाढवत पाचदा तेच, अन् त्याचा आलेख. त्रेचाळीस लेकरं. बेचाळिसांची पहिली फुली गेली बावीस सेकंदांत — हिची एकसष्ट! सगळ्यांच्या रेघा एकावर एक बसतेत, हिची पार वर. मी म्हनलं, झोपली होती का? खोड अन् बराबर कर. तर ही मान खाली घालून म्हनते, ‘सर, मी बघितलं तेच लिहिलं.’ तीनदा म्हनली. पोरं हसाय लागली — मंग डोकंच फिरलं माझं, खरं सांगतो. म्हनलं, तुमच्या लोकांना… जाऊ द्या. सांगितलं असंल ना तिनं तुमाला? न्हाई सांगितलं? — मंग जाऊच द्या.

आठ दिवस झाले, तिची जागा रिकामी. काल वर्ग सुटल्यावर मीच फुली काढून बसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा — कुनाला बोलू नका. बाटलीतलं केमिकल मागच्या सालचं, पार उतरलेलं. फुली काही जाईना. साठ सेकंद. परत केलं, बासष्ट. मंग बेचाळिसांनी बावीस कुठून आनले? माझ्या जुन्या वहीतून. मीच देतो वही, दरसाल देतो — काय करावं, चार भांडी, एक घड्याळ, एवढी लेकरं! म्हंजे प्रयोग केला तो हिनं एकटीनं. कळून राह्यलं का तुमाला — एकटीनं!

तर पाठवा तिला. मार्क पैकीच्या पैकी देतो. — काय? वर्गात? त्या बेचाळिसांपुढं मी म्हनू का, की माझी वही चुकली अन् ही बरोबर? अहो, प्राचार्य हायेत, बाकीचे पालक हायेत… तिला एकटीला बोलावून सांगतो ना, इथंच, तुमच्यासमोर. न्हाई जमत? बिलकुल न्हाई? — असं बघू नका हो माझ्याकडं.

बरं. आना तो अर्ज. नाव… वर्ग… जन्मतारीख… सोडण्याचं कारण.

कारण — काय लिहू? बोला की तातेराव, तुमीच सांगा, काय लिहू?

‘घरगुती अडचण’ लिहितो. सगळे तेच लिहितेत. ही सही झाली. या आता — माझा तास आहे.