फुटणारी क्रियापदं

तौरिया : पोदो, पोदेस, पोदे…

लाल्ला : थांब. पोदो नाही, प्वेदो. मूळ शब्द पोदेर, पण 'मी करू शकते' म्हणायचं झालं की मधला ओ फुटतो. प्वेदो, प्वेदेस, प्वेदे.

तौरिया : आणि 'आम्ही'?

लाल्ला : पोदेमोस. तिथे नाही फुटत.

तौरिया : का? मी फुटते, तू फुटतेस, ती फुटते, आणि सगळ्याजणी मिळून धडधाकट?

लाल्ला : जोर कुठे पडतो ते बघ. प्वे-दो. जोर मुळावर. पो-दे-मोस. जोर पुढे सरकला. मुळावर जोर पडला तर फुटतं, नाहीतर शाबूत राहतं. या जातीच्या क्रियापदांचं असंच. आणि हात चालू दे, सार्डिन तशाच पडल्यात.

तौरिया : स्पेनमध्ये शेतावर असलं कुणी बोलायचंच नाही, लाल्ला. ओणव्याने स्ट्रॉबेरी तोडायच्या आणि ऐकायचं नुसतं बामोस, रापिदो, काय्यते. चला, लवकर, गप्प बस. मला वाटायचं, त्यांच्या भाषेत एवढंच आहे.

लाल्ला : म्हणूनच पहिल्या दिवशी दारात उभी राहून मला काय्यते म्हणालीस.

तौरिया : मला वाटलं, तो सलाम असेल! मुकादमीण रोज सकाळी आम्हाला तेच म्हणायची.

लाल्ला : बरं. केरेर. हवं असणं.

तौरिया : क्येरो, क्येरेस, क्येरे, केरेमोस. हे पाठ झालंय. आता मेंतीर द्या.

लाल्ला : खोटं बोलणं? ते पुढे येतं. आधी झोपणं, परत येणं, दार लावणं.

तौरिया : झोपणं काल झालं. परवा शेतावर न्यायच्या बायकांची निवड आहे. टेबलाच्या पलीकडे मळ्याचा सेन्योर, अलीकडे मी, आणि मध्ये दुभाषी म्हणून शेतावरची तीच सटवी शामा. तिच्या तोंडावर सेन्योरला सांगायचंय, ही खोटं बोलते.

लाल्ला : एया म्येंते.

तौरिया : एया म्येंते. एया म्येंते. काय गोड लागतंय तोंडाला!

लाल्ला : खात्री आहे तुझी? तिकडे शेतावर तर तुला यातलं अक्षर कळत नव्हतं.

तौरिया : डोळे होते ना मला. फवारणीचं औषध उडालं आणि माझ्या बहिणीचा डोळा टोमॅटोसारखा झाला. रहिमो डोळ्यावर हात धरून केवढं तरी बोलली, डॉक्टरकडे न्या म्हणून गयावया केली. शामाने सेन्योरला नुसते दोन शब्द सांगितले आणि त्याचा चेहरा दगड झाला. दुसऱ्या दिवशी रहिमोला घरी परतायच्या बोटीत बसवलं. इथे लाराशला येईपर्यंत डोळा गेला होता. डोळा दुखतो म्हटल्यावर कुठला माणूस असा चिडतो, सांगा!

लाल्ला : ते दोन शब्द कुठले?

तौरिया : तेवढंच तर माहीत नाही. दार वाजलं का?

लाल्ला : तू बस. मी बघते.

शामा : सलाम, लाल्ला मन्नाना! आधी कपाळाचा मुका घेऊ द्या. तुमच्याकडे शिकले म्हणून आज चार माणसांत खुर्ची मिळते. अगं बाई, ही कोण? तौरिया ना? रहिमोची बहीण?

तौरिया : हो, शामाताई. मासळी साफ करते लाल्लांची.

शामा : शिकतेबिकतेस की काय?

तौरिया : मला कुठलं येतंय! बामोस, रापिदो, काय्यते.

शामा : बस्स, तेवढं पुरे! आणि परवा सेन्योरसमोर तेवढंसुद्धा बोलू नकोस. भाषा येणारी बाई दिसली की तो तिथल्या तिथे नको म्हणतो. त्याला हात हवेत, तोंड नको. मागे एकीने ऐटीत 'बुएनोस दीआस' म्हणून नमस्कार केला. बसलीय घरी.

लाल्ला : असं आहे होय? चहा घे, शामा. शीबाचा कडू पाला घातलाय, थंडीचा.

शामा : घेते की. आणि लेकुरवाळी हवी, म्हणजे मोसम संपला की आपसूक परत येते. तुझं पोर लहान आहे ना, तौरिया? मग झालं काम. थांब, तुझ्यासमोरच फोन लावते. बहिणीचं काही मनात नाही ना?

तौरिया : छे हो, ताई. ज्याचं त्याचं नशीब.

शामा : (फोनवर, स्पॅनिशमध्ये) सेन्योर, मी शामा. आणखी एक मिळालीय. हो, त्या डोळेवालीची बहीण… नाही, नाही, ही तशी नाही. तिला पळून जायचं होतं, मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. ही नुसता बैल आहे. झोपते, उठते, तोडते. आत्ता समोरच बसलीय, काही कळत नाही तिला.

तौरिया : काय म्हणाले, ताई?

शामा : म्हणाले, आण. मी सांगितलं, पोरगी गुणाची आहे, कष्टाळू आहे.

तौरिया : देव तुमचं भलं करो. कसे फेडू हे उपकार?

शामा : फेडशील गं. येते लाल्ला, अजून बरीच घरं फिरायचीत.

लाल्ला : जपून. जिना ओला आहे.

तौरिया : गेली?

लाल्ला : कोपऱ्यावर वळली. तौरिया, सुरी खाली ठेव.

तौरिया : मासळीसाठी आहे ती.

लाल्ला : मासळी मगाशीच संपली.

तौरिया : ठेवली. बघा.

लाल्ला : किती कळलं?

तौरिया : बैल कळलं. झोपते कळलं. आणि एस्कापार. पळून जाणं. रहिमो डोळा डोळा म्हणून रडत होती आणि हिने सांगितलं, ही पळणार आहे.

लाल्ला : क्येरे एस्कापार. तिला पळायचंय. बरोबर दोन शब्द होतात. आणि उच्चार स्वच्छ केला असेल, मीच घोटून घेतलाय तिच्याकडून. मग परवा टेबलापाशी बोलणार?

तौरिया : परवा कशाला? परवा मी बैल. मान हलवेन, हात दाखवेन, बोटीतही तोंड उघडणार नाही. पण शेतावर कुणीतरी बाई पोट धरून उभी राहीलच. शामा सेन्योरला भलतंच काही सांगेल. तेव्हा सगळ्या बायकांदेखत मी बोलेन. त्या बाईचं आधी, मग रहिमोचं.

लाल्ला : तुलाही परत पाठवतील.

तौरिया : पाठवू देत. तिला आधी उघडी पाडते.

लाल्ला : आणि सेन्योर म्हणाला, शामाची जागा तू घे, तर?

तौरिया : घेतली, तर मला या दारात उभी करू नका.

लाल्ला : हं. चहा गार झाला तुझा.

तौरिया : राहू दे. लाल्ला, तुम्ही मला सगळं आत्ताचं शिकवलंत. रहिमोचं होऊन गेलंय. होऊन गेलेलं कसं सांगायचं?

लाल्ला : कुठलं क्रियापद घेऊ?

तौरिया : मागणं.

लाल्ला : पेदीर. तिने मागितलं, पिदिओ. रहिमो पिदिओ उन मेदिको. रहिमोने डॉक्टर मागितला.

तौरिया : परत म्हणा. सावकाश. हे मला अडखळून चालायचं नाही.